पुजारी पाणी काढतो, मग दुष्काळ कसा? फँटसी आरपीजीतले नियमाचे आणि दुनियेचे प्रश्न सोडवायची रीत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी, म्हणजे एकेकानं एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढं न्यायचा खेळ. मराठवाड्यात तो नव्यानं खेळायला बसलेल्या टेबलावर एक प्रश्न फार लवकर येतो. कुणीतरी क्लेरिक घेतलेला असतो, म्हणजे देवाच्या कृपेनं मंत्र टाकणारा पुजारी. खेळ चालवणारा डीएम हौसेनं पहिलं गाव उभं करतो, आणि आपल्याकडचा डीएम म्हटल्यावर गावात दुष्काळ असतोच. विहिरी कोरड्या, रानाला भेगा, बाया हंडे घेऊन कोसभर लांब. एवढं ऐकून क्लेरिकवाला कागदातून मान वर काढतो. "पण माझ्याकडं पाणी काढायचा मंत्र हाय की. पहिल्याच लेव्हलचा. मग ह्या गावात दुष्काळ कसा काय पडायलाय?"

डीएम पुस्तक चाळायला लागतो. पुस्तकात दुष्काळाबद्दल काही सापडत नाही. शेवटी वैतागून तो म्हणतो, "इथं तो मंत्र चालत नाही." खेळाडूनं नियमाप्रमाणं घेतलेली ताकद केवळ गोष्ट वाचवायला हिसकावली गेली, आणि पुढच्या वेळी तो खेळाडू प्रश्न विचारणार नाही किंवा येणारच नाही.

खरं तर त्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. मंत्रानं किती पाणी येतं, कुठं येतं, दिवसातून किती वेळा येतं, हा नियमाचा प्रश्न. असे पुजारी मुलखात किती आहेत, ते कुणाचं ऐकतात, पाण्याचे पैसे कोण घेतं, हा दुनियेचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर पुस्तकात असतं, दुसऱ्याचं तुमच्या वहीत. नव्या डीएमची बहुतेक फजिती एकाचं उत्तर दुसरीकडं शोधल्यानं होते. म्हणून इथली सगळी रीत या एका फरकावर उभी आहे.

हा फरक का पडला, तेही सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला, तो टेबलावर सैन्यं मांडून खेळायच्या युद्धखेळांतून आलेला होता. त्यामुळं तलवार किती लागते यावर पानंच्या पानं आहेत आणि गावाच्या पाणवठ्यावर जवळजवळ काहीच नाही. नियम नायकांसाठी लिहिलेत. तालुक्याचा कारभार त्यांतून निघत नाही.

बसण्याआधी: एक नियमपुस्तक, एक आवृत्ती, एक वही

पुस्तकांचे पैसे लगेच घालायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. तो फुकट उतरवून घेता येतो. श्रेयाची ओळ ठेवली की त्याचं मराठी करून मित्रांत वाटताही येतं. आपल्या भाषेत चार पानांचा सारांश करायचा असेल तर बेधडक करा. त्या संचात नियम, मंत्र, राक्षस आहेत, पण 'फर्गॉटन रेल्म्स'सारखी तयार दुनिया नाही. नवख्यांसाठी मला हे सोयीचंच वाटतं. तयार दुनिया घेतली की टेबलावरचा एखादा वाचलेला गडी दर दहा मिनिटांनी "पण तो राजा तर मेला होता" म्हणतो, आणि डीएम स्वतःच्याच टेबलावर परीक्षेला बसल्यासारखा होतो.

आवृत्ती मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. २०१४ ची पाचवी आवृत्ती आणि २०२४ ची सुधारित पुस्तकं दिसायला सारखी आहेत, पण अडचणीच्या जागी वेगळी निघतात. २०१४ च्या नियमांत औषधाची बाटली पिण्यात तुमची अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतलं मुख्य काम, जाते, २०२४ च्या नियमांत बोनस ॲक्शनवर, म्हणजे जादाच्या छोट्या कामावर, भागतं. अचानक हल्ला झाला तर जुन्या नियमांत बेसावध माणसाची पहिली फेरी वाया जाते. नव्या नियमांत त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या, म्हणजे कुणाची पाळी आधी हे ठरवायच्या, फाशावर डिसॲडव्हांटेज मिळतो (फासा दोनदा टाकून लहान आकडा). मोबाइलवर शोधलेलं उत्तर कुठल्या आवृत्तीचं आहे हे न बघता वाचून दाखवलं की भांडण ठरलेलं. या लेखातले आकडे २०१४ च्या संचाप्रमाणं आहेत.

सात फाशांचा संच लागतो, ऑनलाइन मिळतो, तोवर मोबाइलचं ॲप चालतं. एक दोनशे पानी वही घ्या आणि ती दोन्ही बाजूंनी वापरा. पुढून नियमांचे निवाडे, मागून दुनियेची माहिती. पुढं या वहीचं बरंच काम आहे.

पहिली पायरी: मंत्र वाचा, मोठ्यानं आणि शेवटपर्यंत

नियमाचा प्रश्न आला की आठवणीतून उत्तर देऊ नका. ज्यानं विचारलं त्यालाच मजकूर वाचायला लावा. पाण्याचा मंत्र, 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर', सांगतो की तीस फुटांच्या आत, उघड्या भांड्यात, दहा गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी येतं. नाहीतर तेच पाणी तीस फुटांच्या चौकोनी जागेत पाऊस म्हणून पडतं आणि तिथल्या उघड्या ज्वाळा विझवतं. एवढंच. मंत्र लिहिलंय तेवढं करतो, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही.

लगेच कुणीतरी हुशारी करतं: "शत्रूच्या छातीत पाणी भरतो, बुडून मरंल." जगातल्या प्रत्येक टेबलावर ही कल्पना कुणाला तरी सुचतेच, त्यामुळं चिडू नका. मजकुरात बोट ठेवा. जिवंत माणसाची फुफ्फुसं म्हणजे उघडं भांडं होत नाही. शिवाय मंत्रात इजेचा आकडा कुठंच नाही, आणि ज्या मंत्रानं इजा व्हायची असते तिथं फासे स्पष्ट लिहिलेले असतात. पहिल्या लेव्हलच्या मंत्रानं माणूस सरळ मरायला लागला तर वरच्या लेव्हलचे मंत्र कशाला कुणी घेईल? हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण शब्दांवर वाद अडला की त्याच पातळीच्या दुसऱ्या मंत्राशी ताकद ताडून बघणं हा सगळ्यात जवळचा रस्ता असतो.

त्याच मजकुरात खरी हुशारीही दडलेली असते. समजा तुमचा पहिला किल्ला तुम्ही देवगिरीवरून बेतला. (बेताच. खंदक, तासलेला कातळ आणि अंधारी नावाचं काळोखं भुयार एवढं तयार असताना परदेशी किल्ला कागदावर काढत बसायला मी तरी सांगणार नाही.) अंधारीत पहारेकरी मशाली घेऊन उभे आहेत. क्लेरिकनं तिथं पाऊस पाडला की मशाली विझल्या. हे मजकुरात लिहिलेलंच आहे, इथं डीएमनं आडवं येऊ नये.

अंधार झाला की पुढचे नियम लागतात. तुम्ही दिसत नसाल तर तुमच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. तुम्हाला समोरचा दिसत नसेल तर डिसॲडव्हांटेज, लहान आकडा घ्यायचा. तुमचं पात्र ड्वार्फ किंवा एल्फ या वंशांतलं असेल तर साठ फुटांपर्यंत अंधुक दिसतं, पण नजरेनं काही हेरायचं असेल तेव्हा तुम्हालाही डिसॲडव्हांटेज आहेच. आणि दोघंही साधी माणसं असली तर? मी त्याला दिसत नाही म्हणून ॲडव्हांटेज, तो मला दिसत नाही म्हणून डिसॲडव्हांटेज, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि फासा साधा पडतो. गडद अंधारात दोन आंधळे उजेडात लढल्यासारखे लढतात! नव्या खेळाडूंना हे पटत नाही, आणि न पटण्यासारखं आहेही. तरी नियम असाच आहे. पहिले काही महिने तो तसाच चालवा.

मूळ सूत्रं थोडी आहेत, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. खास नियम साध्या नियमाच्या वर चालतो. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना त्याला एक फटका मिळतो हा साधा नियम, 'डिसएंगेज', म्हणजे सावध माघार, केलं की मिळत नाही हा खास. भागाकार आला की खालचा पूर्णांक घ्यायचा. ॲडव्हांटेज कितीही कारणांनी मिळाला तरी दोनच फासे. आणि वीस पडला की काहीही जमतं हा गैरसमज आहे. विसाची जादू हल्ल्याच्या फाशावर चालते, भिंत चढायच्या किंवा इतिहास आठवायच्या फाशावर नाही. मरणाच्या दारातल्या फाशावर वीस पडला तर माणूस एका हिट पॉइंटवर (हिट पॉइंट म्हणजे जिवाचा आकडा) उठतो, ते प्रकरण वेगळं.

दुसरी पायरी: आता पुस्तक मिटा आणि हिशेब करा

दहा गॅलन म्हणजे सुमारे ३८ लिटर. घरातले मोठे दोन हंडे. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला दिवसाला असे दोनच मंत्र टाकता येतात, तेही जखमा भरायचं काम बाजूला ठेवलं तर. म्हणजे दिवसाला ७६ लिटर.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते आपल्या कुणाच्या स्मरणातून गेलेलं नाही. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ती एक खेप भरायला पहिल्या लेव्हलचे साडेसहा हजारांहून जास्त पुजारी दिवसभर राबवावे लागले असते. पुढं गाड्या याहून कितीतरी मोठ्या झाल्या. हे गणित टेबलावर मांडलं की क्लेरिकवाल्याचा प्रश्न नियमातूनच अर्धा सुटतो. त्याचा मंत्र चालतोच, फक्त एका घरापुरता चालतो.

उरलेला अर्धा दामाचा आहे, आणि इथं नियमसंच नकळत फार कामाची गोष्ट सांगून जातो. बिनकसबी मजुराची रोजी दोन चांदीची नाणी. शहरात पहिल्या-दुसऱ्या पातळीचा मंत्र पैसे देऊन टाकून घ्यायचा तर दहा ते पन्नास सोन्याची नाणी. एका सोन्याची दहा चांदीची. म्हणजे अगदी स्वस्तातलाही मंत्र शंभर चांदीचा, मजुराच्या पन्नास दिवसांच्या मजुरीचा. दोन हंडे पाण्याला पन्नास रोज! आता सांगा, त्या गावात दुष्काळ का आहे हे समजायला डीएमला अजून काय शोधावं लागणार? देवळासमोर रांग आहे, पुजाऱ्याकडं नावांची यादी आहे, पाटलाचा हौद भरलाय, आणि यादीत वर सरकवायला कुणीतरी मधल्यामध्ये पैसे खातंय. टँकरच्या खेपा ज्यानं बघितल्यात त्याला यापुढची गोष्ट शिकवायची गरज नाही.

तुमचा पुजारी या गावात फुकट पाणी काढायला लागला तर कुणाचा धंदा बसतो? हेच तुमचं पहिलं साहस. खेळाडूनं तुम्हाला अडचणीत पकडलेलं नव्हतं, त्यानं दार उघडून दिलं होतं.

हिशेबाची गंमत अशी की तो प्रत्येक मंत्राला वेगळा निघतो. 'प्युरिफाय फूड अँड ड्रिंक' हाही पहिल्याच पातळीचा मंत्र, पण तो विधी म्हणून टाकता येतो. मंत्र त्या दिवसासाठी तयार ठेवलेला असला की दहा मिनिटं जास्त लागतात आणि दिवसाच्या मंत्रांतला एकही खर्च होत नाही. पाच फूट त्रिज्येच्या गोलातलं सगळं अन्नपाणी विषमुक्त, रोगमुक्त होतं. त्या गोलात पाणी मावतं जवळपास १४,८०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर मावून वर उरलं. म्हणजे जिथं एक साधा पुजारी आहे तिथं घाण पाण्यानं हगवण-पटकी पसरायचं काही कारण राहत नाही. तुमच्या गोष्टीत साथ हवी असेल तर पुजारी का नाही, हे आधी ठरवावं लागेल. पळाला, पळवला, की त्याच्या देवानं तोंड फिरवलंय?

इथंच एक खरा कोड्यात टाकणारा प्रश्न येतो. आपल्याकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, दात पिवळे पडतात, हाडं धरतात. असं पाणी तुमच्या गोष्टीत आलं तर मंत्राच्या लेखी ते विष आहे का? पुस्तक काही सांगत नाही. "विष म्हणजे कुणीतरी घातलेलं" असा निवाडा चालेल, "शरीराला मारतं ते विष" असाही चालेल. मला दुसरा आवडतो, कारण त्यात पुजाऱ्याला गावात काम मिळतं. कुठलाही घ्या, पण वहीत पुढच्या बाजूला लिहा, कारण उद्या कुणी नागाचं विष पडलेलं दूध शुद्ध करायला घेईल तेव्हा हाच निवाडा लागणार आहे.

आणि थेट पाऊस? 'कंट्रोल वेदर' आठव्या पातळीचा मंत्र आहे, पाच मैल त्रिज्येत आठ तासांपर्यंत हवामान एकेक टप्प्यानं बदलता येतं. ते तालुक्याच्या एका भागाचं काम आहे. पण तो टाकायला पंधराव्या लेव्हलचा पुजारी लागतो (मंत्राची पातळी वेगळी, माणसाची लेव्हल वेगळी), आणि तसे राज्यात किती आहेत हे कुठल्याच पुस्तकात नाही. एक आहे म्हटलं तर पाऊस हे राजकारण होतं. वीस आहेत म्हटलं तर तुमच्या दुनियेत दुष्काळ नाही, ऊस आहे. हा आकडा तुम्ही ठरवायचा. मी एकावर ठेवीन, आणि तो म्हातारा ठेवीन.

तिसरी पायरी: कुणाला काय माहीत आहे

दुनियेच्या प्रश्नांचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे "माझ्या माणसाला हे माहीत असंल का?" खेळाडूला ट्रोल हा राक्षस आगीनं किंवा ॲसिडनं भाजल्याशिवाय पुन्हा भरून येतो हे माहीत असतं, त्याच्या शेतकऱ्याच्या पोराला असायचं कारण नाही. यावर फासा आहे: इतिहास, धर्म, निसर्ग, जादूविद्या यांतला जो विषय असेल त्याचं कौशल्य, बुद्धीच्या आकड्यासकट, वीस बाजूंच्या फाशावर. गाठायचा आकडा सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०, हे नियमसंचातलेच टप्पे.

पण नवे डीएम या फाशाचा अतिरेक करतात. गावदेवीचं नाव आठवायला फासा, बाजार कुठल्या वारी भरतो याला फासा. असं करू नका. पारावर जे बोललं जातं ते सगळ्यांना फुकट. गावच्या किल्ल्यात काय आहे म्हणतात, कुठल्या विहिरीवर अमावास्येला जायचं नाही, कुणाच्या आज्याला खजिना सापडला होता, हे सांगून टाका. पंधरावर देवळातला शिकलेला माणूस जे सांगेल ते द्या. वीसवर जुन्या पोथीत असेल ते.

आणि फासा हुकला तर "तुला काही माहीत नाही" म्हणून गप्प बसू नका, अफवा द्या. "खंदकात मगर आहे असं तुझी मावशी म्हणायची." मगर खरी की खोटी ते तुम्हाला माहीत, त्याला नाही. खेळाडूला आपला फासा कमी पडला हे दिसतंच, तरी तो त्या मगरीला घाबरून दोरी मागवतो. आठवडी बाजारात ऐकलेल्या माहितीएवढीच ही माहिती पक्की, आणि दुनिया जिवंत वाटायला एवढी पुरते.

सगळी दुनिया डीएमनंच रचायची असंही काही नाही. ड्वार्फ घेतलेल्या खेळाडूला विचारा, तुमच्याकडं माणूस गेल्यावर काय करतात? तो जे सांगेल ते वहीच्या मागच्या बाजूला लिहा, तेव्हापासून ते खरं. ज्यानं जे घेतलं त्याचा मुलूख त्याच्याकडं. डीएमचं काम निम्मं होतं आणि "हे तू कशाला ठरवायलास?" ही तक्रार मुळातूनच जाते.

सुरुवातीला वहीत किती लिहावं? एक गाव, एक रान, एक पडका किल्ला आणि पाण्यावर कुणाचा हक्क आहे एवढं पुरे. हजार वर्षांच्या राजघराण्यांची वंशावळ लिहिणारे डीएम मी पाहिलेत. तिसऱ्या पिढीपर्यंत कुणी विचारत नाही.

चौथी पायरी: पुस्तक आणि अक्कल भांडायला लागली तर

देवगिरीचा डोंगर खालच्या बाजूनं सुमारे पन्नास मीटर उभा तासलेला आहे. तिथून माणूस पडला तर? नियम म्हणतो, दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. पन्नास मीटर म्हणजे साधारण १६० फूट, सोळा फासे, सरासरी ५६. गावातल्या साध्या माणसाकडं हिट पॉइंट चार. तो गेला. दहाव्या लेव्हलच्या फायटरकडं, म्हणजे लढवय्याकडं, ऐंशी-नव्वद असतात. तो उठतो, कपडे झटकतो आणि चालायला लागतो.

टेबलावर आरडाओरडा होतो. "असं कुठं असतंय का?" इथं तिसऱ्या जातीचा प्रश्न आहे: नियम काय हे स्पष्ट आहे, दुनियेत कड्यावरून पडलेली माणसं मरतात हेही स्पष्ट आहे, पण आपल्या टेबलाला कुठल्या चवीचा खेळ हवा हे ठरलेलं नाही. हे पुस्तक सांगू शकत नाही आणि एकट्या डीएमनं सांगू नये. सगळ्यांना विचारा. वीरकथा हवी असेल तर नियम तसाच ठेवा. हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नाही, त्यात दम आणि नशीबही धरलंय, असं मूळ नियमच सांगतात. फायटर वाटेत एखाद्या झुडपाला अडकला म्हणा. जिवाची धास्ती हवी असेल तर घरचा नियम करा: शंभर फुटांच्या वर पडला की हाड मोडतं, महिनाभर लंगडा. मात्र हा नियम कड्यावर चढायच्या आधी सांगितलेला पाहिजे. हवेत असलेल्या माणसाला नवा नियम लावणारा डीएम कितीही बरोबर असला तरी चूक.

याच बैठकीत अजून एक गोष्ट मोकळेपणानं बोलून घ्या. आपल्या भागात दैवतं पुस्तकातली नाहीत, जागती आहेत. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा इथं टेबलावरच्या कुणाच्या ना कुणाच्या घरचा नवस असतो. जत्रा, पोत, नवस, विहिरीवरच्या साती आसरा यांचा रंग तुमच्या दुनियेत जरूर आणा, त्याशिवाय ती आपली वाटणारच नाही. पण कुणाच्या कुलदैवताला हिट पॉइंट देऊन लढाईत उभं करू नका. देवता स्वतःच्या कल्पनेनं घडवा. निजामाच्या शेवटच्या वर्षांचंही तसंच. १९४८ च्या आठवणी अजून काही घरांत बोलल्या जातात, त्या खेळात आणायच्या तर आधी विचारून. जातीवरून चेष्टा, मग ती खेळातल्या ऑर्क वंशाच्या आडून का असेना, पहिल्याच वेळी थांबवा.

पाचवी पायरी: निवाडा एका मिनिटात, चौकशी नंतर

लढाई रंगात आलेली असताना पंधरा मिनिटं पुस्तक शोधणं हा खेळाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. एक मिनिट शोधा. सापडलं नाही तर डीएमनं निवाडा द्यावा. अवघड वाटतं? १५ वर फासा. परिस्थिती बाजूनं आहे? ॲडव्हांटेज. विरुद्ध आहे? डिसॲडव्हांटेज. नव्वद टक्के अडचणी एवढ्यात भागतात. निवाडा खेळाडूच्या बाजूला थोडा झुकलेला असावा असं माझं मत आहे, कारण डीएमकडं उद्या दुसरा राक्षस असतो, खेळाडूकडं माणूस एकच.

मात्र ज्या निवाड्यावर कुणाचं कॅरेक्टर मरणार आहे तिथं घाई नको. चहा मागवा, पुस्तक उघडा, वाचा.

टेबलावर नियम पाठ असलेला एकजण असतो. त्याला रूल्स लॉयर म्हणून चिडवतात. त्याला गप्प करण्यापेक्षा कामाला लावा. पान शोधून मजकूर वाचायची जबाबदारी त्याची, अर्थ लावायची डीएमची. मोबाइलवर तो 'सेज ॲडव्हाइस'चे खुलासे दाखवेल. ते खेळ काढणाऱ्यांकडूनच आलेले असतात, त्यामुळं वाचायला चांगले. पण तुमच्या टेबलावरचा लिहिलेला निवाडा त्यांच्या वर आहे हे त्याला एकदा नीट सांगा.

दिलेला प्रत्येक निवाडा वहीत जातो. तारीख नको, नावं नकोत, नुसतं वाक्य: "पाण्याचा मंत्र जिवंत अंगात चालत नाही." "बोअरचं वाईट पाणी म्हणजे विष." पुढच्या सेशनला फासे काढायच्या आधी मागच्या वेळचे निवाडे वाचून दाखवा, पाच मिनिटं पण लागत नाहीत. एखादा पुस्तकाशी ताडून चुकीचा निघाला असेल तर तेव्हाच बदला, लढाईच्या मध्ये नाही, आणि मागं घडलेलं उकरून काढू नका. अंधारीत मेलेला पहारेकरी मेलेलाच राहतो. बदललेल्या निवाड्यावर कुणी आपलं अख्खं कॅरेक्टर उभं केलं असेल, तर त्याला मंत्र किंवा कौशल्य फुकटात बदलू द्या. तो तेवढं मागेलच, आणि त्याचं म्हणणं रास्त असेल.